गॅरिंचाच्या ऱ्हासाला केवळ दारूच कारणीभूत होती का?

प्रश्न:
१९६२ च्या चिलीतील विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाल्यावर ज्याने ब्राझीलला विजेतेपदापर्यंत नेले, उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध आणि उपांत्य फेरीत यजमानांविरुद्ध प्रत्येकी दोन गोल केले, तो गॅरिंचा पुढच्या चार वर्षांतच कसा संपला? त्या विश्वचषकाच्या वेळी तो अवघ्या २८ वर्षांचा होता. बहुतेक लेख ‘दारूने मातेरे केले’ एवढे सांगून थांबतात. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १:
दारूचा वाटा कुणी नाकारणार नाही. त्याचे वडीलही मद्यपी होते आणि १९८३ च्या जानेवारीत, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो यकृताच्या विकारानेच गेला. मात्र त्याचा खेळ आधी गुडघ्यांनी संपवला, असे माझे मत आहे. त्याचे दोन्ही पाय वाकडे होते आणि एक दुसऱ्याहून सुमारे सहा सेंटिमीटरने आखूड होता. चेंडूपाशी थबकायचे, डावीकडे झुकल्याचा आभास करायचा आणि उजवीकडून निसटायचे, ही त्याची चाल साऱ्या जगाला पाठ होती, तरीही बचावपटू दरवेळी फसत; पण त्या प्रत्येक झटक्याचा भार गुडघ्यांतील आधीच झिजत चाललेल्या कूर्चेवर पडत होता. शस्त्रक्रिया झाली ती थेट १९६४ मध्ये.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, पण शस्त्रक्रियेला इतका उशीर का झाला, हेही विचारायला हवे. बोटाफोगो क्लबला परदेशातील मैत्रीपूर्ण सामन्यांतून पैसा मिळे, आणि लोक तिकीट काढत ते गॅरिंचाला पाहण्यासाठी. असा खेळाडू विश्रांतीसाठी घरी बसवणे क्लबला कसे परवडणार? पाऊ ग्रांदे या गिरणीच्या गावातून आलेला हा माणूस कोऱ्या करारांवर सह्या करत असे, असे त्याच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. व्यवहार कळत नसलेल्या माणसाच्या भोळेपणाचे कौतुक करणाऱ्यांचा मला, खरे सांगायचे तर, राग येतो.

प्रतिसाद ३:
क्लबला दोष जरूर द्यावा, पण गॅरिंचाला निव्वळ बळी ठरवणे मला पटत नाही. पत्नी आणि आठ मुलींना सोडून तो गायिका एल्झा सोआरिस यांच्याकडे गेला, आणि १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात एल्झा यांच्या आई दगावल्या. या गोष्टी गुडघ्यांच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

प्रश्नकर्त्यांच्या ‘चार वर्षांत संपला’ या विधानाला एक पुस्ती जोडतो. १९६६ मध्ये बोटाफोगोने त्याला कोरिंथियन्स क्लबला विकल्यानंतरही तो इंग्लंडमधील विश्वचषकात खेळला आणि बल्गेरियाविरुद्ध त्याने फ्री किकवर गोलही केला. पुढच्याच सामन्यात हंगेरीने ब्राझीलला ३-१ असे हरवले. ब्राझीलकडून खेळलेल्या त्याच्या ५० सामन्यांतला तो शेवटचा, आणि पराभवाचा एकमेव.