८०८५च्या कंट्रोल युनिटला आदेश कोण देते?

विद्यार्थी, डिप्लोमा द्वितीय वर्ष, कोल्हापूर
८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर प्रोग्राम चालवताना एक शंका आली. ‘एमव्हीआय ए’ या सूचनेला ७ टी-स्टेट (म्हणजे क्लॉकचे ठोके) लागतात आणि ‘ॲड बी’ला ४. कंट्रोल युनिट सर्व भागांना आदेश देते, एवढेच पुस्तकात आहे. मग कोणत्या टी-स्टेटला कोणता आदेश द्यायचा, हे त्याला कोण सांगते? त्याच्या आत आणखी एखादा छोटा प्रोसेसर असतो का?

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी
‘आदेश’ या शब्दामुळे आत कोणी विचार करणारा बसला आहे असे वाटते; प्रत्यक्षात तेथे फक्त गेट आणि फ्लिपफ्लॉप आहेत. पहिल्या टी-स्टेटमध्ये प्रोग्राम काउंटरमधील, म्हणजे पुढच्या सूचनेचा, पत्ता बसवर येतो, दुसऱ्यात वाचनाची रेषा कार्यरत होते आणि काउंटर एकने वाढतो, तिसऱ्यात ऑपकोड (सूचनेचा सांकेतिक अंक) इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये उतरतो, चौथ्यात त्याची उकल होते. ऑपकोडचे ८ बिट आणि ‘सध्या कितवे मशीन सायकल (सूचनेतला वाचन-लेखनासारखा एक टप्पा), कितवा टी-स्टेट’ हे सांगणारी मोजणी एकत्र गेटच्या जाळ्यात शिरतात आणि त्या क्षणी कोणत्या नियंत्रण रेषा चालू व्हायच्या हे त्या जोडणीतूनच ठरते. एमव्हीआयला पुढचा बाइट मेमरीतून आणावा लागतो, म्हणून आणखी ३ टी-स्टेट. ॲड बीमध्ये दोन्ही संख्या आतच असतात, आणि त्यांची बेरीज पुढच्या सूचनेचा ऑपकोड येत असतानाच उरकली जाते.

इचलकरंजीकर
आमच्या घरी यंत्रमाग आहेत, म्हणून त्यावरून सांगतो. साध्या मागावर कोणते उभे धागे कधी उचलायचे हे टॅपेटच्या, म्हणजे फिरणाऱ्या कॅमच्या, आकारातच ठरलेले असते. वीण बदलायची तर टॅपेट बदलावे लागते. सरांनी सांगितलेली जोडणी तशी आहे. जकार्ड या छिद्रांच्या कार्डांवर चालणाऱ्या मागावर मात्र प्रत्येक कार्डावरची छिद्रे त्या फेरीला कोणते धागे उचलायचे ते सांगतात. मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या मायक्रोप्रोग्रामिंगमध्ये नियंत्रण रेषांचे नमुने असेच ओळीओळीने साठवलेले असतात. १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये अशा ५१२ ओळी असून प्रत्येक ओळ २१ बिटांची आहे. फरक एवढाच, की कार्डे ठरलेल्या क्रमाने फिरतात, तर मायक्रोकोडमध्ये अटीनुसार दुसऱ्या ओळीवर उडी मारता येते.

विद्यार्थी
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे ८०८५ टॅपेटच्या जातीचा. हे किटवर डोळ्यांनी पाहता येईल का?

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी
होय. ऑसिलोस्कोप ३० क्रमांकाच्या, म्हणजे एएलईच्या (बसवर पत्ता आल्याची खूण देणाऱ्या), पिनवर लावा. मेमरीशी देवाणघेवाण करणाऱ्या प्रत्येक मशीन सायकलच्या आरंभी तेथे एक स्पंद येतो. ‘एमव्हीआय ए’ आणि मागे नेणारा ‘जेएमपी’ एवढाच फेरा सतत चालवला, तर १७ टी-स्टेटमध्ये ५ स्पंद दिसतील. एमव्हीआयच्या जागी ‘ॲड बी’ घातल्यावर ते १४ टी-स्टेटमध्ये ४ होतील. आधी वहीत आकृती काढा आणि मग पडद्याशी ताडून पाहा.