शिकवायला परदेशी जाताना व्हिसा कुठे अडला? अनुभव सांगा

माझी भाची नाशिकला गणित शिकवते. तिला दुबईच्या एका शाळेने बोलावलंय आणि तेव्हापासून आमच्या बाहेरच्या खोलीत कागदांचा बाजार भरलाय. दहावी, बारावी, बी.एस्सी., बी.एड., लग्नाचं सर्टिफिकेट, सगळं सतरंजीवर मांडलेलं. परवा सहज एकेक कागद उचलून पाहिला, तर पोरीचं नाव प्रत्येकावर वेगळं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं अक्षर. कॉन्सुलेटची खिडकी लांबच राहिली, हिचं घोडं सतरंजीवरच अडणार असं दिसतंय.

तुम्ही शिक्षक म्हणून बाहेर गेला असाल तर तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहा. 'वेबसाइट बघा' असं सांगू नका, ती आम्हाला पाठ झालीय. एजंटांची आणि अधिकाऱ्यांची नावंही नकोत.

सांगली ते अबू धाबी, प्राथमिक शिक्षिका

नावाचं निघालं म्हणून आधी मीच लिहिते. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं. त्या कौतुकाची किंमत अकरा वर्षांनी कळली. बी.ए. माहेरच्या नावाने. बी.एड. लग्नानंतर केलं, म्हणून ते तांदळातल्या नावाने. पासपोर्ट काढताना जन्मदाखला लागला, म्हणून त्यावर पहिलं नाव माहेरचं आणि आडनाव सासरचं. म्हणजे कागदोपत्री आम्ही तिघी.

अमिरातीसाठी डिग्रीवर शिक्क्यांची साखळी लागते. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकार, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास किंवा कॉन्सुलेट, आणि तिथे उतरल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. एक कडी निसटली तर पुढची बसत नाही. मी हे काम एका एजंटकडे दिलं. तो पंधरा दिवसांनी हसतमुखाने डिग्री घेऊन आला, मागे अपोस्टिलचा स्टिकर. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा मंत्रालयाचा शिक्का, तो हेगच्या करारात असलेल्या देशांनाच चालतो. भारत त्यात २००५ पासून आहे, अमिराती नाही. म्हणजे स्टिकर अस्सल होता, पण माझ्या कामाचा नव्हता. मंत्रालयाची त्याची फी ५० रुपये, एजंटने माझ्याकडून घेतले काही हजार. जाऊ दे.

पुन्हा पहिल्यापासून. नावासाठी वन अँड सेमचं, म्हणजे ही सगळी नावं एकाच बाईची असं सांगणारं ॲफिडेव्हिट केलं, ते शाळेच्या एचआरने परत पाठवलं. शेवटी राज्य शासनाच्या गॅझेटमध्ये नाव छापून घेतलं, लग्नाच्या सर्टिफिकेटवरही तीच सगळी साखळी केली, आणि मग गाडी हलली. या सगळ्यात चार महिने गेले. शाळेने जागा धरून ठेवली हे माझं नशीब. भाचीला सांगा, आधी गॅझेट, मग बाकी सगळं.

नगर ते जपान, विज्ञान शिक्षक

ताईंचं नाव आडवं आलं, माझी शाळा आली.

मला इंग्रजी शिकवायला जायचं होतं. जपानमध्ये कॉन्सुलेटचं काम शेवटी असतं आणि तुलनेने सोपं असतं. खरा निकाल त्यांच्या इमिग्रेशनच्या कार्यालयात लागतो. बोलावणारी संस्था तिथे अर्ज करून 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी' काढते, सगळे त्याला सीओई म्हणतात. तो कागद हातात आला की तीन महिन्यांच्या आत जपान गाठायचं.

माझा सीओई निघेचना. 'इन्स्ट्रक्टर' दर्जावर, म्हणजे शाळेत शिकवणाऱ्यांच्या व्हिसावर, परकी भाषा शिकवायची असेल तर त्याच भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. जपानहून मेल आला, तुमची वर्षं मोजून कळवा. मी जेवणाच्या टेबलावर बोटं मोजायला बसलो. अकरावी-बारावी सायन्स दोन, बी.एस्सी. तीन, एम.एस्सी. दोन, बी.एड. एक. झाली आठ. मग आठवलं, आठवीपासून आपण सेमी-इंग्रजीला होतो! गणित-विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. ती तीन वर्षं धरली तरी अकरा. एक वर्ष कमी. आणि 'सेमी' म्हणजे काय हे जपानी माणसाला समजावून सांगायचं कसं? मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पाठवलं, त्यात 'पार्शली' हा शब्द होता. त्या शब्दानेच घात केला असावा.

पुढच्या वर्षी विज्ञान शिकवण्यासाठी अर्ज केला. इतर विषयांना त्या विषयाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, तो माझ्याकडे नऊ वर्षांचा होता. यावेळी सीओई निघाला. मुंबईत व्हिसाचे कागद दिले तेव्हा मला एकही प्रश्न विचारला नाही. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो, ती अजून पाठ आहेत.

म्हापसा

आमच्या गोव्यात बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जायचे, व्हिसाचा प्रश्नच नसायचा. माझी मावसबहीण असंच जाऊन शिकवायचं म्हणत होती, कागद जमवेपर्यंत २०२१ उजाडलं. ब्रेक्झिटमुळे त्या १ जानेवारीपासून पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही तिथे नोकरीसाठी व्हिसा लागतो. पासपोर्टसाठी लिस्बनमधल्या नोंदणीत दोन वर्षं गेली त्याचं तिला फार वाईट वाटतं. पासपोर्ट मात्र सुंदर आहे.

सातारा ते इंग्लंड, भौतिकशास्त्र

फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या माध्यमिक शिक्षकांना इंग्लंडचा क्यूटीएस, म्हणजे तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा, इथे बसून मागता येतो. मी तो मागितला, मिळाला. मुलाखत ऑनलाइन झाली. शाळेने मे २०२४ मध्ये सीओएस दिलं. सीओएस म्हणजे स्पॉन्सरशिपचा नंबर, तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावाच लागतो. हे तीन महिने लक्षात ठेवा.

शिक्षकाला पोलीस क्लिअरन्स लागतो. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून, म्हणजे पुन्हा आपलं लोकल ठाणं, आपला हवालदार. ते आठ दिवसांत झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट हवालदारांनी मुलाच्या दहावीच्या क्लासबद्दल अर्धा तास सल्ला घेतला.

अडलं टीबीवर. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर त्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढावा लागतो. माझ्या उजव्या फुप्फुसावर जुना डाग निघाला. तिसरीत असताना मला टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या. आई सगळ्यांना 'न्यूमोनिया होता' म्हणून सांगायची, आणि तेच सांगता सांगता आम्हीही विसरून गेलो होतो. आता डाग दिसला की बेडका तपासणं आलं. तीन दिवस रोज सकाळी नमुना द्यायचा आणि कल्चरचा, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहण्याचा, निकाल यायला आठ आठवडे. आठ आठवडे आणि सीओएसचे तीन महिने, हे गणित मी रोज रात्री करायचो. त्यात आई रोज देवापुढे बसायची, आणि मला वाटायचं की तिला देवाची भीती कमी आणि शेजारणींना कळण्याची जास्त वाटतेय.

निकाल निगेटिव्ह आला तेव्हा सीओएसचे नऊ दिवस उरले होते. त्याच रात्री अर्ज भरला. आरोग्य अधिभाराचे वर्षाला १,०३५ पौंड एकदम भरावे लागतात, तीन वर्षांचे धरा. त्या वर्षी भौतिकशास्त्राच्या परदेशी शिक्षकांना तिथलं सरकार १०,००० पौंड देत होतं, पण ते नोकरी सुरू झाल्यावर. विमानतळापर्यंत आपल्याच खिशातून.

लहानपणी टीबी झालेला असेल तर सीओएस घेण्याआधीच एक्स-रे काढून घ्या. ते सर्टिफिकेट सहा महिने चालतं.

नांदेड ते अमेरिका, गणित

आमचं जे-१ व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून, झालं. कमीत कमी दोन वर्षांचा अनुभव पाहिजे आणि पदवी त्यांच्या पदवीच्या तोडीची पाहिजे. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, त्यांची चार वर्षांची, म्हणून नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही. माझं एम.एस्सी. कामाला आलं. बोलावणारी स्पॉन्सर संस्था डीएस-२०१९ हा पात्रतेचा कागद देते, मग सेविस या त्यांच्या सरकारी नोंदणीचे २२० डॉलर, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग मुंबई. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी बीकेसीत. मोबाईल आत नेता येत नाही. मी मोबाईल बाहेरच्या चहावाल्याकडे ठेवला, पन्नास रुपये घेतले त्याने. सगळ्या प्रवासातला तेवढाच व्यवहार रोख आणि सरळ झाला.

खिडकीतली बाई तरुण होती. विचारलं, तुमच्या वर्गात किती मुलं? मी म्हणलं, बहात्तर. तिने मान वर केली, 'सेव्हन-टू?' मी म्हणलं, मॅडम, पावसाळ्यात साठ, बाकीची पेरणीला. हे इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, पण ती हसली. मग विचारलं, तीन वर्षांनी काय करणार? मी सांगितलं, माझी नोकरी अनुदानित शाळेत आहे, बिनपगारी रजा मंजूर आहे, हे पत्र. पत्र मराठीत! इंग्रजी भाषांतर नेलंच नव्हतं. मग हातात २२१(जी)ची चिठ्ठी आली. कायमचा नकार नव्हता, 'कागद आणून द्या' एवढंच. पण ती चिठ्ठी घेऊन बाहेर आलो तेव्हा पाय लटपटत होते. भाषांतर करून दिलं, तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला.

आता जाणाऱ्यांनी एक पाहा. जून २०२५ पासून जे व्हिसावाल्यांना सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. माझ्या खात्यावर मुळात गावच्या जत्रेचे फोटोच आहेत, पण प्रत्येकाचं तसं नसतं.

पुणे, निवृत्त शिक्षक

तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी वाचून मजा वाटली. १९८१ साली मी नायजेरियाला गेलो. तेव्हा नायरा डॉलरपेक्षा महाग होता, त्यामुळे आमच्या कॉलेजातून एकामागून एक माणसं उठली. व्हिसासाठी दिल्लीला, झेलम एक्स्प्रेसने. राष्ट्रकुलातला देश म्हणून तिथे दूतावासाऐवजी हाय कमिशन. मी तीन दिवस लोकांना 'एम्बसी कुठे' असंच विचारत फिरलो.

आमची अडचण वेगळीच. यलो फीव्हरची लस घेतल्यावर दहा दिवसांनी ती लागू होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी लस घेतली निघण्याच्या सहा दिवस आधी. खिडकीतल्या गृहस्थाने लसीचं पिवळं पुस्तक उघडलं, बोटांवर दिवस मोजले आणि परत दिलं. तिकीट पुढे ढकललं, एका मित्राकडे करोलबागेत चार रात्री काढल्या. ते पुस्तक तेव्हा दहा वर्षं चालायचं, २०१६ पासून जन्मभर चालतं असं नातवाने सांगितलं. म्हणजे माझं जुनंही अजून चालेल.

बँकॉकहून, थोडक्यात

२०१८ ला टुरिस्ट म्हणून आलो आणि इथे शाळा मिळाली. नॉन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी मला देशाबाहेर जावं लागलं. रात्रीच्या रेल्वेने नोंगखाय, पूल ओलांडून लाओसमधलं विएंतियान, थाई दूतावासाच्या रांगेत सगळे शिक्षकच. दोन हजार बाट, दुसऱ्या दिवशी दुपारी पासपोर्ट. रांगेत पुढे एक कोल्हापूरचा निघाला, त्याच्याकडे चिवडा होता. आता २०२५ पासून थायलंडचा ई-व्हिसा झालाय, ती रांग राहिली नसेल.

नाशिक (धागा मीच काढला होता)

सांगलीच्या ताई, काल भाचीला बसवून गॅझेटचा अर्ज भरला. 'जुने नाव' या रकान्यात तिची तीन नावं निघाली. तिन्ही एकाच अर्जात चालतात का, की तीन वेगळे अर्ज? आणि तिच्या सासूबाई विचारतायत, तांदळातलं नाव त्यात घालायचं का.