घरामागे पूल बांधतोय, तुमचे अनुभव सांगा

पऱ्हाटी
परवा गोठ्याचा माळा साफ करताना वनस्पती तुपाचा जुना डबा हाती लागला. तोंडावर पत्रा ठेवून कथलाचा डाग मारून बंद केलेला, मधोमध दोर घासून घासून रंग उडालेला. बाबांनी हाच डबा पाठीला बांधून मला विहिरीत सोडलं होतं. दोराचं दुसरं टोक हातात धरून ते विहिरीच्या काठी, मोटेच्या थारोळ्यावर बसायचे आणि मी खाली पाय झाडायचो. आठव्या दिवशी त्यांनी न सांगताच दोर सोडून दिला होता, हे मला वर आल्यावर कळलं.
ती विहीर आता होळीच्या आधीच तळ दाखवते. लेक नऊ वर्षांची आहे. तिनं डबा कानाशी धरून हलवला आणि विचारलं, "बाबा, यात काय आहे?" म्हटलं, हवा. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हिला पोहता आलंच पाहिजे.
घरामागे 20 बाय 10 फूट जागा आहे. एका टोकाला 3 फूट, दुसऱ्या टोकाला साडेचार. हिशेबानं साधारण 21 हजार लिटर पाणी. गाव हिंगणघाटकडचं, सहा फूट काळी माती, मग मुरूम. पहिल्यांदाच करतोय. ज्यांनी बांधला, ज्यांनी अर्ध्यात सोडला, सगळ्यांनी लिहा.

नाल्यापलीकडे
मले वाटलं भाऊ नाल्यावरचा पूल बांधून रायले! आमच्या गावाले तोच पाहिजे, पावसाळ्यात पोट्ट्यांची शाळा बुडते. पण बाबांचं वाचून डोळे भरले. आमाले आज्यानं शिकवलं. डबा नाई, वाळलेला भोपळा.

वणीकर
आधी काळी माती, बाकी सगळं नंतर.
2018 ला आम्ही 24 बाय 12 चा बांधला. मिस्त्रीनं विटांच्या भिंती घेतल्या, आतून प्लास्टर, वर निळ्या टाईल्स. पहिला उन्हाळा झकास गेला. पावसाळ्यात माती फुगली, दिवाळीनंतर आक्रसली, आणि जानेवारीत लांबीच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग. रोज दोन इंच पाणी उतरायचं, म्हणजे तेराशे लिटर. मी रोज सकाळी त्या भेगेत हात घालून बघायचो, जणू हात घातल्यानं ती बुजणार होती.
शेवटी सगळं फोडलं. मुरूम लागेपर्यंत काळी माती उपसली, तळाला मुरूम टाकून पाणी मारत धुम्मसनं थर थर ठोकला. मग तळ आणि भिंती एकाच सळईच्या जाळीत, पूर्ण आरसीसी. भिंतीच्या बाहेरून दोन फूट मुरमाचीच भरती, काळी माती भिंतीला कुठंच टेकू दिली नाही. तेव्हापासून केसाएवढी रेघ नाही.
एक करा. टाईल्स लावण्याआधी सात दिवस पाणी भरून ठेवा, काठावर खडूनं रेघ मारा. गळायचं असेल ते तेव्हाच गळू द्या.

मारेगावचा
दादा, उपसलेली माती कुठं टाकली? बांधावर टाकाले पाहिजे होती.

वणीकर
पंचवीसेक ट्रॉल्या निघाल्या, शेजाऱ्यानं बरड वावरात पसरली. तुम्ही मारेगावचेच का? माझी मावशी तिथलीच.

मारेगावचा
हो, पक्का. कोणत्या वार्डात मावशी? बाजाराच्या दिवशी या कधी, घरी जेवूनच जा.

खारपाण
दर्यापूरकडून लिहितोय. बोअरच्या भरवशावर असाल तर पाणी आधी प्रयोगशाळेत द्या. आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. बोअरनं भरलं तर महिन्याभरात टाईल्सवर पांढरा थर, शिडीला गंज, लेकरांचे डोळे लाल. आता स्लॅबवरचं पावसाचं पाणी घेतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक सेंटिमीटर पाऊस पडला की नऊशे लिटर. एवढा स्लॅब असेल तर तुमचा पूल 25 सेंटिमीटर पावसात भरतो, आणि साधारण वर्षी तेवढा तुमच्याकडे एकट्या जुलैत होतो. पहिल्या सरीचं पाणी मात्र बाहेर सोडा, स्लॅबवरची धूळ येते.

दुपारचा_चहा
भाजी चुलीवर आहे, घाईत लिहितेय, पण लिहायलाच पाहिजे.
माझा चुलतभाऊ शेततळ्यात गेला. अकरा वर्षांचा होता. त्याला पोहता येत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. प्लास्टिकच्या कागदाला शेवाळ धरलेलं, बाजू उताराच्या, हाताला धरायला काही नाही. वर चढता चढता थकला. कागदावर त्याच्या बोटांच्या खुणा होत्या, लांब लांब.
पूल बांधाल तेव्हा चारी बाजूंनी जाळी आधी उभी करा, पाणी नंतर. फाटक आपोआप मिटणारं, कडी लेकरांच्या हाताच्या वर. पायऱ्या दोन्ही टोकांना. आणि लेकरू पाण्यात असताना काठावरच्या माणसाच्या हातात मोबाईल नको.

नाल्यापलीकडे
ताई, पोटात कालवलं. आमच्या शेततळ्याले एकपण दोर नाई. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

दुपारचा_चहा
बांधा भाऊ. हात-हातभर अंतरावर गाठी मारा, चारी बाजूंनी सोडा. एक फुगवलेली ट्यूबही ठेवा. दर उन्हाळ्यात दोर बदला, उन्हानं कुजतो.

पऱ्हाटी
ताई, जाळी माझ्या यादीत शेवटी होती. आता पहिली.

बांधीतला
आम्ही धानपट्ट्यातले, तुमसरकडचे. आमच्याकडे पाणी वरून नाही, खालून त्रास देतं. ऑगस्टमध्ये पाणी हिरवं झालं म्हणून पंप लावून पूल रिकामा केला. रात्रभर धो धो पाऊस. सकाळी पाहतो तर उथळ बाजूची कड चार बोटं वर! धानाच्या बांधीतलं पाणी जमिनीत मुरून तळाला खालून रेटत होतं, आणि आत पाण्याचं वजन नव्हतं. रिकामी टाकी पाण्यात तरंगते तसंच. सगळे पाईप तुटले.
तेव्हा पावसाळ्यात रिकामा करायचा नाही, कितीही घाण झाला तरी. तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

कोरडा_घसा
राग मानू नका भाऊ. आमच्या गावात एप्रिल लागला की नळ आठवड्यातून दोनदा. बाया रात्री बारा वाजता पाण्याचे गुंड रांगेत लावतात. त्या गावात 21 हजार लिटर पोहायला, हे माझ्या मनाला लागतं.

पऱ्हाटी
राग कसला. आमच्या गावातही गुंडांची रांग आहे, माझी आई त्या रांगेत उभी राहिली आहे. म्हणून टँकर नाही, उन्हाळ्यात बोअरही नाही. खारपाण दादांसारखं स्लॅबचंच पाणी, जुलैत एकदा भरायचं आणि फिल्टर करून तेच वापरायचं. आणि पूल एकट्या लेकीसाठी नाही, तिच्या वर्गातल्या मुलीही येतील.

वणीकर
तेच पाणी वापरायचं तर आच्छादन घ्याच. मे अखेरच्या नवतप्यात उघडा पूल रोज एक सेंटिमीटर सहज खाली जातो, तुमच्या मापात 185 लिटर. वापर नसताना झाकून ठेवलं की बरंच वाचतं.
गळती की वाफ, हे ओळखायला पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा. बादलीत आणि पुलात रेघ मारा, चोवीस तासांनी बघा. दोन्ही सारखे उतरले तर ऊन. पूल जास्त उतरला तर गळती.

कोरडा_घसा
असं असेल तर ठीक. आमच्या भाच्या हिंगणघाटलाच आहेत, त्यांना पाठवू का?

पऱ्हाटी
पाठवा की!

माहेर_मोर्शी
आमच्या पुलाच्या पाण्याचं सगळं मीच बघते. क्लोरीन संध्याकाळी टाकायचं, भर उन्हात टाकलं तर दुपारपर्यंत उडून जातं. पट्टीनं तपासते, पीएच 7.2 ते 7.8 आणि क्लोरीन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम असलं की लेकरांना सोडते. कडुलिंब जवळ असेल तर चैतात पानगळ आणि मग मोहर, जाळीनं काढता काढता कंबर जाते. झाड तोडू नका, पूलच थोडा सरकवा.
महत्त्वाचं. आमच्या गड्यानं एकदा ब्लीचिंगच्याच बादलीत अ‍ॅसिड ओतलं. हिरवट पिवळा धूर उठला, तो खोकत खोकत अंगणात बसला. त्याला वाऱ्यावर नेलं, मग दवाखान्यात, तीन दिवस छाती दुखत होती त्याची. तेव्हापासून बादल्या वेगळ्या, लाल आणि पांढरी, आणि खोल्याही वेगळ्या.
फिल्टर धुतलेलं पाणी संत्र्याला लगेच देऊ नका, उघड्या टाक्यात चारेक दिवस राहू द्या.

खारपाण
ताई, यंदा संत्र्याचा अंबिया बहार कसा आहे तुमच्याकडे?

माहेर_मोर्शी
गळ खूप आहे हो. नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

मारेगावचा
आणि फिल्टरची मोटर शेतीच्या मीटरवर लावू नका कोणी. लाईट कधी कधी रात्रीच येते ते वेगळं, पण पकडलं तर दंड.

पऱ्हाटी
सगळ्यांचं दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. सोमवारी जेसीबी फक्त एक खड्डा खणायला येतोय, मुरूम नेमका किती फुटांवर आहे ते बघायला. कडुलिंब आहे, म्हणून जागा आठ फूट पूर्वेला सरकवली. मिस्त्रीला विटा नको सांगितल्या.

नाल्यापलीकडे
आमचे दोर बांधून झाले ताई. तीन बाजूले चार-चार, चौथीले उद्या. ट्यूब ट्रॅक्टरची हाय.

दुपारचा_चहा
🙏

बांधीतला
पऱ्हाटी भाऊ, तो डबा पोरीला बांधणार का?

पऱ्हाटी
तीच मागे लागली आहे. आताच टाकीत दाबून धरला तर खालच्या कोपऱ्यातून बुडबुडे येतात.

बांधीतला
मग डाग पुन्हा मारून घ्या. पण आता कोण मारतं?

माहेर_मोर्शी
आर्वीला एक म्हातारे कल्हईवाले होते, अजून बसत असतील तर. भावाला विचारून सांगते.