प्रतिसाद: पिवळं सोयाबीन आणि शिकिमिक आम्ल

सोयाबीन पिवळं पडलं म्हणजे पांढऱ्या माशीने आणलेला पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोगच, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते सरसकट पटत नाही. मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसतात. शेजारच्या बांधावर मारलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक वाऱ्याने उडून आलं असेल, तर आधी कोवळा शेंडा फिकट पडतो, कारण हे औषध रसाबरोबर वाढत्या टोकांकडे जातं. इंदूरजवळ सांवेरकडे काकांच्या शेतात असंच झालं होतं, बांधालगतच्या ओळीच तेवढ्या पिवळ्या. शेजारी अर्थातच कानावर हात ठेवून मोकळे!

नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर पानातलं शिकिमिक आम्ल (वनस्पतीत मधल्या टप्प्यावर तयार होणारं एक आम्ल) मोजता येतं, ते चर्चेत कुणी लिहिलं नाही. फेनिलअ‍ॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं वनस्पती याच्याच वाटेने बनवते. ग्लायफोसेट या वाटेवरचं पुढचं एक विकर (एन्झाइम) अडवतं, मग धरणाचे दरवाजे लावल्यासारखं शिकिमिक आम्ल मागे तुंबत जातं. मोझॅकमध्ये ही वाट अशी अडत नाही. प्रयोगशाळेत साधारण ३८० नॅनोमीटरवर रंग मोजून प्रमाण काढतात. नमुना मात्र लक्षणं दिसताच, कोवळ्या पानांचा, बर्फात ठेवून न्यावा, आणि त्याच वाणाची शेताच्या दुसऱ्या टोकाची निरोगी पानंही सोबत द्यावीत. तुलनेशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. माळव्यातल्या जेएस ३३५ किंवा जेएस ९५६० या सोयाबीन वाणांमध्ये ग्लायफोसेट सोसणारं जनुक नसल्यामुळे ही कसोटी आपल्याकडे लागू पडते.