महाविष्णू ऑर्केस्ट्रा : नुसता वेग नाहीये तो

कुणीतरी म्हटलंय की महाविष्णू ऑर्केस्ट्रा, म्हणजे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचा जॅझ-रॉक बँड, हा नुसता वेग आणि गोंगाट आहे. मला अजिबात नाही पटलं. १९७३ च्या 'बर्ड्स ऑफ फायर' या अल्बमचा पहिलाच ट्रॅक घ्या, अठरा मात्रांचं आवर्तन आहे, हेडफोन लावून बोटांवर मोजत बसा, कोबहॅमचे ड्रम्स अंगावर येत असतात, गुडमनचं व्हायोलिन आणि मॅक्लॉफ्लिनची गिटार नुसती झेपावत असतात, तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे सुटत नाही, काटा येतो हो!

वाईट एवढंच वाटतं की १९७१ ला जमलेला हा मूळ संच १९७३ संपेपर्यंत फुटलासुद्धा. पुढच्या संचात पाँटीसारखा व्हायोलिनवाला होता, पण ती आग नाही.

मॅक्लॉफ्लिन मात्र थांबला नाही. वीणा शिकलेला होताच, मग तबल्यावर झाकीरभाई (झाकीर हुसेन), व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड, आणि तिथे इलेक्ट्रिक सोडून चक्क अकूस्टिक गिटार. तिच्यावर सतारीच्या तरफांसारख्या आडव्या जादा तारा आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून मींड काढता येते, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. २०२४ ला 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.