आधी डीव्हीआर (रेकॉर्डर) बघा, मग कॅमेरे

या चर्चेत बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की स्कूल बसमधले जुने कॅमेरे काढून जास्त मेगापिक्सेलचे लावले की काम झालं. अर्धंच पटतंय. चित्र चांगलं येईल हो, पण साठवणार कुठे? १०८०पी (फुल एचडी) चित्राला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तरी एका कॅमेऱ्याचं तासाला साधारण ०.९ जीबी होतं, चार कॅमेरे म्हणजे ३.६, आणि डिस्क भरली की डीव्हीआर सगळ्यात जुनं पुसून त्यावरच नवं लिहीत जातो. पालकांची तक्रार उशिरा आली तर तो दिवस गेलेलाच असतो. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) ला जुन्या एच.२६४ पेक्षा जागा साधारण निम्मी लागते, पण त्यासाठी रेकॉर्डरही तसा हवा ना.

आणि इग्निशनबद्दल इथे कोणीच बोललं नाही. चावी फिरवून गाडी बंद केली की सप्लाय तुटतो, रेकॉर्डिंग तिथेच संपतं, कधीकधी तर शेवटची फाइलही नीट बंद होत नाही, आणि मागच्या सीटवर एखादं मूल झोपून राहिलं तर नेमकी त्यानंतरचीच मिनिटं बघायची असतात. म्हणून एक वायर थेट बॅटरीला (फ्यूज लावून), दुसरी इग्निशनला, आणि सेटिंगमध्ये ऑफ डिले (गाडी बंद केल्यावरही रेकॉर्डिंग चालू राहायची वेळ) १५-२० मिनिटं तरी. आमच्याकडे बसवणाऱ्याने सोपं पडतं म्हणून दोन्ही वायरी इग्निशनलाच मारल्या होत्या, मग डिले कितीही टाका, उपयोग शून्य! दरवाजावरचा कॅमेरा मात्र डब्ल्यूडीआरवालाच (ऊन आणि सावली दोन्ही नीट दाखवणारा) घ्या, नाहीतर चढणाऱ्या मुलांच्या मागून ऊन येतं आणि चेहरे नुसते काळे दिसतात.