मेकॅनिकलला ॲडमिशन झालंय, भावासाठी लॅपटॉप सुचवा (बजेट ६० हजार)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) दुसऱ्या फेरीत मेकॅनिकल मिळालं, कॉलेज कराडला. आम्ही लातूरचे. पुढच्या आठवड्यात हॉस्टेलला सोडायचंय आणि लॅपटॉपचं अजून काहीच ठरलेलं नाही. घरात हा पहिलाच लॅपटॉप, त्यामुळे विचारायला कोणी नाही. पप्पांनी साठ हजार बाजूला काढलेत. ओढूनताणून पासष्ट होतील, त्यापुढे नाही.

दुकानदार म्हणाला, "इंजिनिअरिंगला गेमिंगच लागतो, ग्राफिक कार्डाशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही" आणि ७८ हजारांचा काढून दाखवला. भावाचा मित्र हप्त्यावर मॅकबुक घेतोय, म्हणून यालाही तोच हवाय. हे पैसे चार वर्षं पुरले पाहिजेत. नेमकं काय बघून घेऊ?

मेकॅनिकल पासआउट

ताई, दुकानदाराचं ते वाक्य आधी डोक्यातून काढा. मी मेकॅनिकल करून तीन वर्षं झाली, आता डिझाइनमध्येच नोकरी करतो. पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना जवळपास सारखंच असतं: गणित, फिजिक्स, इंजिनिअरिंग ग्राफिक्स, थोडं सी किंवा पायथन. त्याला कुठलाही लॅपटॉप चालतो. खरं काम दुसऱ्या वर्षापासून, ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया ही ड्रॉइंग-डिझाइनची सॉफ्टवेअर, पुढे भागावर किती ताण येतो वगैरे तपासणारं ॲन्सिस.

सॉलिडवर्क्समध्ये एखादं माप बदललं की तो पार्ट पहिल्यापासून एकेक पायरी करत पुन्हा बांधला जातो, आणि हे काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणनेच्या एका भागावर) होतं. कार्डाचा तिथे फारसा उपयोग नाही. कार्ड लागतं शेकडो पार्टची असेंब्ली फिरवताना किंवा रेंडरिंगला. कॉलेजात करायचं काय, तर बेंच व्हाइस, स्क्रू जॅक, प्लमर ब्लॉक. हे सगळं मी कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर केलं.

अडलो ते रॅमपाशी. माझ्याकडे ८ जीबी होती. ॲन्सिसमध्ये मेश (मॉडेलचे केलेले छोटे तुकडे) जरा बारीक केला की स्क्रीन गोठायची. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, वाढवायची सोयच नव्हती. प्रोजेक्टचा पूर्ण महिना रोज संध्याकाळी लॅबमध्ये जागा धरून बसलो. म्हणून कळकळीने सांगतो, १६ जीबी घ्या, नाहीतर निदान रॅमचा एक स्लॉट मोकळा असलेला घ्या. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, ५१२ जीबी. बजेट ताणायचंच असेल तर ते यासाठी ताणा.

मॅकबुक उत्तम मशीन आहे, पण सॉलिडवर्क्स आणि कॅटिया विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती मिळते, तेवढ्यावर मेकॅनिकल होत नाही. भावाला हे समोर बसवून सांगा, त्याला पटेल.

सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवू नका. ऑटोडेस्क ही कंपनी विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि फ्यूजन (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) फुकट देते, वर्षाचा परवाना असतो, दरवर्षी वाढवून घ्यायचा. ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्तीही फुकट आहे, फक्त मॉडेलच्या आकाराला मर्यादा आहे.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

वरच्या दादांशी सहमत. माझ्याकडे कार्डवाला आहे. लॅपटॉप सव्वादोन किलो, ॲडॉप्टर अर्धा किलो, आणि चार्जर न घेता गेलं की दुपारच्या प्रॅक्टिकलला बॅटरी संपलेली. आमच्या वर्गात लाकडी बाकांना प्लग पॉइंट नाहीत. रोज पाठीवर न्यायचा आहे, हे विसरू नका.

धागाकर्ती

खूप आभार! आज पुन्हा दुकानात गेलो. दोन लॅपटॉप बाजूला काढलेत, दोन्हींवर प्रोसेसर "रायझन ५, ७००० सिरीज" लिहिलंय. एकाचा नंबर ७५२०यू, दुसऱ्याचा ७५३०यू. पहिला चार हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणतो दोन्ही सारखेच, दहाचाच तर फरक आहे. मग स्वस्तातला घेऊ का?

दुरुस्तीवाला

ताई, थांबा! तो दहाचा फरक नाही. या नंबरात तिसरा आकडा बघायचा. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २ ही प्रोसेसरची बरीच जुनी रचना, ४ कोअर. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३ आणि ६ कोअर. डब्यावर दोघांनाही ७००० लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. शिवाय ७५२०यू एकाच जातीची रॅम घेतो आणि ती बोर्डावर सोल्डर केलेलीच येते. ८ जीबीचा घेतलात तर चार वर्षं ८ वरच काढावी लागतील. चार हजार जास्त गेले तरी ७५३०यू घ्या.

पण ७५३०यू च्याही काही मॉडेलात रॅम सोल्डर असते, तेव्हा पैसे देण्याआधी बघून घ्या. काउंटरवर डेमो पीस असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'फॉर्म फॅक्टर' अशी ओळ असते. 'एसओडीआयएमएम' लिहिलेलं असेल तर रॅमची सुटी पट्टी आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डावर आहे. काही मॉडेलात ८ बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा असतो, तेही चालेल, त्यात आणखी ८ ची पट्टी बसते. कार्ड नसलेल्या लॅपटॉपचं ग्राफिक हीच रॅम वापरतं, त्यामुळे दुसरी पट्टी टाकली की चित्र फिरवतानाही फरक जाणवतो.

आणखी एक, याबद्दल माझ्याकडे दर जुलै-ऑगस्टला कोणी ना कोणी येतं. लॅपटॉपबरोबर ऑफिस मिळतं, पण पहिल्यांदा सुरू करताना जो ईमेल टाकाल त्याला तो परवाना कायमचा जोडला जातो. दुकानातली मुलं घाईत स्वतःचा ईमेल टाकून देतात. सहा महिन्यांनी विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की ऑफिस गेलेलं असतं आणि तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. डबा तुमच्यासमोर फोडायला लावा, सगळं भावाच्या ईमेलवर सुरू करा. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सिरीयल नंबर हवा. त्याच नंबरवरून कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख जुळते का तेही तिथल्या तिथे बघा.

पुण्याहून

जुना चालणार असेल तर कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड असे ऑफिसातले लॅपटॉप अर्ध्या पैशात मिळतात. फक्त इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असलेला नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ त्याच्या खाली अधिकृतपणे चालत नाही.

दुरुस्तीवाला

चालेल, पण घरातला पहिलाच लॅपटॉप आणि मुलगा परगावी. जुन्याची बॅटरी गेली तर कराडात तो कुठे फिरणार? मी तरी वॉरंटीचा नवाच सुचवेन.

धागाकर्ती

घेतला! ७५३०यू, ८ जीबी बोर्डावर, एक स्लॉट मोकळा, ५१२ ची एसएसडी. वजन १.६ किलो. दुकानातल्या मुलाकडूनच ८ जीबीची पट्टी बसवून घेतली, सगळं मिळून साठच्या आत बसलं. भावाने स्वतः टास्क मॅनेजर उघडून १६ दिसतात का ते बघितलं आणि मग पप्पांनी पैसे दिले. ऑफिस सुरू करताना तो मुलगा खरंच स्वतःचा ईमेल टाइप करायला लागला होता, आम्ही थांबवलं.

मॅकबुकचा विषय त्याने स्वतःच सोडला. काल रात्रीपासून फ्यूजन टाकून बसलाय, आईच्या पोळपाटाची मापं घेऊन तो स्क्रीनवर काढतोय.